आंधळी नळी

रिवाज

कारभारी कुंभाराच्या घरातली चिलीम दोन तोंडांना लागल्याशिवाय बाजारात गेली नाही. आव्यातून निघाली, राख झटकली, की आधी बापानं ती रिकामीच ओढून बघायची. तंबाखू नाही, विस्तव नाही, नुसती हवा. मग पुसायचीबिसायची नाही, तशीच लेकाच्या हातात द्यायची आणि लेकानं ओढायची. हवा सरळ येते का, कुठं अडखळते, मातीतला एखादा कण जिभेवर येतो का, हे दोघांनी आपापलं ठरवायचं. दोघांनी मान हलवली तर चिलीम टोपलीत. एकानं जरी नाक मुरडलं तर उकिरड्यावर. कारभारीनं हे आपल्या बापाकडून उचललं, वैजनाथनं कारभारीकडून. वैजनाथला तंबाखूचं व्यसन कधी लागलं नाही, पण शिंगणापूरच्या रस्त्यावरचे दुकानदार म्हणत, या घरच्या चिलमीला झुरका मागावा लागत नाही, तो आपणहून येतो.

मग कारभारीला खोकला लागला. खोकल्यातून रक्त आलं. राहुरीला थुंकी तपासली आणि टीबी निघाला.

सहा महिने गोळ्या चालल्या. त्या सहा महिन्यांत वैजनाथनं चिलमी एकट्यानंच ओढून बघितल्या. आबांचं, म्हणजे कारभारीचं, ताट, तांब्या, पेला वेगळ्या फळीवर गेला. तोंडाला रुमाल बांधा एवढंच राहुरीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. फळीचं घरानं ठरवलं.

गोळ्या संपल्या. थुंकी स्वच्छ आली. "आता यांच्यापासून कुणाला काही होणार नाही," बाई म्हणाल्या. "पण बाबा, तंबाखू ओढलीत तर मला तोंड दाखवू नका."

त्यानंतर पहिला आवा निघाला तेव्हा आबांनी सवयीनं हात पुढे केला.

"राहू द्या आबा," वैजनाथ म्हणाला. "मी बघतो."

ओटा

सोसायटीच्या गोदामाला लांबलचक ओटा आहे. दिवस कलला की तिथं चार-पाच म्हातारे जमतात. गहिनीनाथ, ज्याचा ऊस दरवर्षी सगळ्यांच्या आधी तुटतो आणि ज्याचं बोलणं सगळ्यांच्या शेवटी संपतं. सहादेव, साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून रिटायर झालेला, बुद्धविहाराजवळच्या आळीतला. बाकीचे दोघं-तिघं येऊन-जाऊन. चिलीम एकच. ती उजवीकडून डावीकडे फिरते, ओल्या फडक्याची छापी बुडाला गुंडाळलेली, आणि जो बसला त्याला मिळते. आबांची जागा कडेला, खांबाजवळ. खांबाला त्यांच्या पाठीचा तेलकट डाग आहे.

थुंकी स्वच्छ आल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि ओट्यावर गेले. वैजनाथ समोरच्या दुकानात माचिस घ्यायला उभा होता, म्हणून त्यानं ते पाहिलं. चिलीम आली. आबांच्या शेजारी गहिनीनाथ होता. त्यानं झुरका घेतला, धूर सोडला, आणि बोलता बोलता, पावसाचं काहीतरी बोलता बोलता, हात लांब करून चिलीम आबांच्या पुढून पलीकडच्याला दिली. जसं पाण्याच्या खड्ड्यावरून पाय टाकतात तसं.

आबांचा हात उचलला गेला होता. तो त्यांनी टोपी नीट करायला वापरला.

"तुला बंदी हाय न्हवं डॉक्टरची," गहिनीनाथ म्हणाला. "आमी तुझ्या जिवाचंच बघतोय, कारभारी."

"व्हय व्हय," आबा म्हणाले.

घरी आले, टोपी खुंटीला अडकवली. ती तिथंच राहिली. भाकरी अर्धी राहू लागली, मग चतकोर.

नवरा-बायको

"चिलीम सुधारायची म्हंजी काय करायचं?"

"ज्याची त्याची नळी. बोटाएवढी. चिलीम आपल्याकडं आली की आपली नळी बुडाला बसवायची, वढायची, काढून खिशात ठेवायची. कुणाचं तोंड कुणाला लागायचं न्हाई."

"आन् मामा परत तंबाखू वढणार. डॉक्टरीणबाई काय म्हनल्या त्या?"

"त्याचंबी बघतो."

"काय बघता?"

"बघतो म्हणलं ना, शुभांगी."

"वट्यावरच्या लोकांना चिलीम करून देताय. चांगलंय. मामांचं ताट आजून त्या फळीवर हाय, ते कुणी काढायचं?"

"तू ठिवलंयस."

"मी ठिवलंय. तुमी तिथंच बघत हुता."

फुटलेली

पहिली सुकतानाच चिरली. घाई.

गळकी

दुसरी भाजून निघाली, देखणी होती, पण माती आटते आणि प्रत्येक तुकडा आपल्या मनानं आटतो. चिलमीचं बूड एका मापाचं निघालं, नळीचं तोंड दुसऱ्या. जोडातून हवा गळायची. ओढलं की गाल आत जायचे आणि हाती काही नाही.

वैजनाथनं मग सगळ्या नळ्या एकाच सळईवर वळल्या, एकाच मातीच्या, एकाच दिवशी, एकाच सावलीत सुकवल्या. भाजल्यावर बारीक वाळू आणि पाणी घेऊन प्रत्येक नळी चिलमीच्या बुडावर फिरवून फिरवून घासली. तळहाताची साल गेली. तरी केसाएवढी फट राहत होती. मेण लावलं तर विस्तवाच्या धगीनं वितळायचं. दोरा गुंडाळला तर जळका वास यायचा.

आबा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. दिवसभर ती घासण्याची करकर ऐकत होते. संध्याकाळी न वळता बोलले.

"छापी कुठं बांधतोस?"

"छापी कशाला आता? नळी हाय ना."

"छापी तोंडाला नगं. जोडाला गुंडाळ. वली करून."

वैजनाथनं फडकं भिजवलं, जोडावर दोन वेढे दिले, ओढलं. हवा आली. सरळ, गार, न मागता.

किती दिवसांनी आबा कामाचं काही बोलले होते. वैजनाथला वाटलं आपण योग्य वाटेवर आहोत. जी नळी पहिल्यांदा नीट बसली ती त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली. पुढं ओढून बघायला लागेल, म्हणून.

आंधळी

आता तंबाखूचं. त्यावर वैजनाथनं जे शोधलं त्याचा त्याला फार अभिमान वाटला, आणि अभिमान वाटतोय याची थोडी लाजही.

आबांची नळी त्यानं भरीव केली. बाहेरून इतरांसारखीच. दोन्ही टोकांना भोकाची खळगी, पण मधे माती. आरपार काही नाही. ओळखू यावी म्हणून कडेला त्यानं आबांच्याच अंगठ्याचं नख उठवून घेतलं, माती ओली असताना.

"म्हंजी मी नाटक करायचं," आबा म्हणाले.

"तुमाला धूर पायजे का?"

आबांनी विचार केला. खरंच केला, वैजनाथला तो चेहऱ्यावर दिसला. "न्हाई. धुराचं काय. मला तिथं बसायचं हाय."

"मग झालं तर."

"आन् वढल्यावर सोडू काय? धूर तर पायजे."

"थंडी हाय आबा. तोंडातून वाफ येतीच."

आबा हसले. हसता हसता खोकले, आणि वैजनाथ एक पाऊल मागं सरकला. सरकला म्हणजे, तिथं टोपली होती, ती बघायला. आबांनी खोकणं आवरलं. शुभांगी चुलीपाशी होती, तिनं दोघांकडं पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली.

सहादेव

नळ्या वाटायला वैजनाथ घरोघर गेला. गहिनीनाथनं लगेच लाल दोरा बांधून आपली करून टाकली. "अरं, हे आधी का न्हाई सुचलं कुणाला? ते छापीचं वंगाळ फडकं तोंडात घ्यायचो आमी इतकी वर्षं." बाकीच्यांनीही घेतल्या.

सहादेवतात्या अंगणात नातीच्या सायकलची चेन बसवत होते. आबांच्या आजारात त्यांच्या अंगणात येऊन बसणारे ते एकटेच. लांब नाही, बाजेच्या पायथ्याशी बसायचे.

त्यांनी हात पुसला, नळी घेतली, उजेडात धरून आरपार बघितली. "सुबक झालीय. हाताला लागतबी न्हाई कुठं."

"तुमची ठेवा ती."

"मला नगं."

वैजनाथला वाटलं तात्या चेष्टा करतायत.

"आमच्या आज्याची चिलीम येगळी असायची," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही, चेन बसवत असल्यासारखाच बोलले. "चावडीच्या मागं कोनाड्यात. वढायची तर तिथंच, तिथंच ठिवायची. बापानं ती हातात घेतलीच न्हाई कधी. मी वट्यावर गेलो, बसलो, हात पुढं केला. त्या वक्ताला गहिनीचा बाप हुता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग आली चिलीम. येगळं देणारी वस्तू आमाला लई मिळालीय, वैजनाथ. तू चांगल्या मनानं केलीस, मला कळतंय."

"तात्या, हे त्याच्यासाठी न्हाई. हे आबांसाठी हाय."

"व्हय. तेच म्हणतोय मी."

त्यांनी नळी परत दिली. वैजनाथ सायकलच्या चाकाकडं बघत उभा राहिला. मग घरी आला. आबांना त्यानं सांगितलं, तात्यांना नंतर देणार आहे.

गोड

आणि जमलं. काही दिवस सगळं जमून गेलं.

आबांनी टोपी खुंटीवरून काढली. खांबाशी बसले. चिलीम आली, थांबली, त्यांनी नख उठलेली नळी बसवली, दोन हातांची ओंजळ करून मान वर केली, डोळे मिटले, ओढल्यासारखं केलं, आणि थंडीत पांढरी वाफ सोडली. पुढच्याला दिली. तात्या मात्र नळीशिवायच ओढायचे, आपलं जुनं फडकं लावून. त्यावर कुणी काही बोललं नाही. निदान तोंडावर.

भाकरी पूर्ण जाऊ लागली. आबा घरी येऊन गहिनीनाथच्या नकला करू लागले. "म्हणतो, नव्या नळीनं तंबाखू गोड लागतीय. माझी तर मातीच लागतीय," असं म्हणून शुभांगीला हसवायचे.

पण वैजनाथला एक गोष्ट दिसली. पूर्वी चिलीम फिरायची तेव्हा कोण कुठं संपला आणि कोण कुठं सुरू झाला हे कळायचं नाही, बोलणंही तसंच फिरायचं. आता प्रत्येकाचा हात आधी खिशात जायचा. नळी काढायची, फुंकून बघायची, बसवायची, काढायची, रुमालात गुंडाळायची. तेवढा वेळ सगळे एकमेकांच्या हातांकडं बघायचे. त्यानं ते पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, नवीन आहे, सवय होईल.

उसाची गाडी

कारखान्याकडं जाणारी दोन ट्रॉल्यांची गाडी ओट्यासमोरून गेली. कानठळ्या बसवणारं गाणं, आणि मागं सुटलेली मोळी रस्त्यावर घासत येत होती. सगळे तिकडं वळले. कुणीतरी ओरडून ड्रायव्हरला थांबवलं. वैजनाथही दुकानातून मोळी बांधायला धावला. त्या गडबडीत, तंबाखू नव्यानं भरायची म्हणून काढून ठेवलेल्या नळ्या ओट्यावर होत्या तशा राहिल्या. अंधारत आलं होतं. गहिनीनाथचा लाल दोरा कधीच जळून गळून पडला होता.

गहिनीनाथ परत येऊन बसला, हाताला आली ती नळी बसवली आणि ओढली.

काही आलं नाही. पुन्हा ओढली. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. लोक हसायला लागले. "गहिनी, तुझी नळी तुंबली रे." त्यानं आणखी जोर लावला. मग नळी काढून मोबाईलच्या उजेडात धरली. आत बघितलं. दुसऱ्या टोकानं बघितलं.

"ही तर आंधळी हाय. कुणाची ही?"

ओट्यापाशी पोचलेल्या वैजनाथला ते ऐकू आलं. त्याला हाक मारायची होती, आपली आहे म्हणायचं होतं, चुकून भाजली गेली म्हणायचं होतं. एवढी सगळी वाक्यं त्याच्याजवळ होती.

"माझी," आबा म्हणाले.

गहिनीनाथ थुंकला.

ते त्यानं ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. बेडूक उडी मारतो तशी ती थुंकी आतून उडाली. मग सदऱ्याचं टोक घेऊन तो जीभ पुसू लागला, पुसता पुसता आबांकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती दिसतेय याची शरम. त्यानं पाणी मागितलं. चुळा भरल्या. ओट्याखाली ओल पसरली.

"म्हंजी तू वढतच नव्हतास," बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून तो म्हणाला. "इतके दिस आमच्यात बसून. आमाला बनवत हुतास."

"बसायचंच हुतं," आबा म्हणाले.

त्यांनी गहिनीनाथच्या हातातून नळी घेतली, खिशात ठेवली, खांबाला धरून उठले. सहादेवतात्याही उठले, चप्पल शोधली. "चल, मीबी येतो," एवढंच. दोघं म्हातारे रस्त्यानं निघाले आणि वैजनाथ त्यांच्या मागं, थोडं अंतर ठेवून, जसा मयताच्या मागं माणूस चालतो.

गावात ऐकू आलेली

एक: कारभारीनं मुद्दाम आपली नळी गहिनीनाथच्या पुढं सरकवली.

दोन: वैजनाथ कुंभाराच्या नळ्यांत मातीच तशी आहे, छाती भरते.

तीन: गहिनीनाथ राहुरीला जाऊन तपासून आला, काही निघालं नाही, तरी पुन्हा जाणार आहे.

चौथी गोष्ट, खरी, कुणी सांगितली नाही. ओट्यावर आता चिलीम फिरत नाही. गहिनीनाथ बिडी ओढतो. ज्याची त्याची बिडी, ज्याची त्याची माचिस.

बिननळीची

शुभांगीनं ताट फळीवरून काढलं. कधी काढलं ते वैजनाथला कळलं नाही. जेवायला बसल्यावर सगळी ताटं सारखी होती, आणि आपल्या पुढ्यातलं कुणाचं, हे तो भाताखाली बघत राहिला. तिनं ते बघितलं. वाढत राहिली.

सकाळी आवा उघडायचा होता. शिवरात्र जवळ आली होती, शिंगणापूरच्या दुकानदारांनी साध्या, जुन्या घाटाच्या चिलमी मागितल्या होत्या. नळ्यांचं कुणी विचारलंही नव्हतं. वैजनाथ राख उपसत होता तेव्हा आबा आपणहून येऊन शेजारी बसले. टोपी नव्हती. त्यांनी एक चिलीम उचलली, झटकली, कानाशी नेऊन टिचकी मारली. मग तोंडाला लावली आणि ओढली. रिकामी. नुसती हवा. छातीत घरघर झाली, पण हवा गेली, आली. आबांनी डोळे मिटले होते. ओट्यावर नाटकात मिटायचे तसे नव्हेत.

त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी ती वैजनाथपुढं धरली. बुडाकडची बाजू त्याच्याकडं करून, जशी धरायची असते तशी. बुडावर ओलसर कड चकाकत होती.

थुंकी स्वच्छ आलीय, हे वैजनाथला माहीत होतं. कागद त्यानंच आणला होता, त्यानंच वाचला होता. बाई काय म्हणाल्या ते त्याला तोंडपाठ होतं. हा हात पुढं करायचा, एवढंच. त्यानं ते मनात केलंसुद्धा. चिलीम घेतली, ओढली, मान हलवली.

त्याचा हात खिशात होता.

कधी गेला त्याला कळलं नाही. बोटांना नळी लागली, घासून गुळगुळीत झालेली, अंगच्या उबेनं कोमट. आबा त्या हाताकडं बघत होते. खिशाच्या कापडातून बोटांची हालचाल दिसत होती.

"राहू दे," आबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. सहा महिन्यांच्या गोळ्यांनंतर पहिल्या आव्यापाशी वैजनाथनं ‘राहू द्या’ ज्या आवाजात म्हटलं होतं, त्याच आवाजात. त्यांनी चिलीम खाली ठेवली, टोपलीत नाही, उकिरड्याकडंही नाही, दोघांच्या मधे राखेवर. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात गेले.

वैजनाथनं हात बाहेर काढला. रिकामा काढला. मग चिलीम उचलली, न पुसता, आणि ती ओली कड ओठांत धरून ओढली. छाती भरेस्तोवर ओढली. हवा सरळ आली, कुठं न अडखळता, कण नाही, फट नाही. अशी चिलीम त्याच्या हातून आजवर झाली नव्हती.

त्यानं मान हलवली. समोर आव्यातली राख होती. आत आबा बाजेवर पडल्याचा आवाज आला, आणि मग, भिंतीकडं कूस वळल्याचा.

चिलीम हातात घेऊन तो बसून राहिला. टोपली डाव्या हाताला होती.